‘बघू नंतर’ ते ‘डू नॉट डिस्टर्ब’: १९०९ आठ महिने वापरल्यावरचा रिव्ह्यू

मिक्सर, एअर फ्रायर, गादी, मिसळीची दोन हॉटेलं, सगळ्यांचे रिव्ह्यू लिहून झालेत माझे, आज एका फुकटच्या सर्व्हिसचा लिहिते. डीएनडी, म्हणजे डू नॉट डिस्टर्ब, जाहिरातीचे फोन-मेसेज अडवणारं, ते १९०९ वालं. फोनमधल्या चंद्रकोरीचं बटण नाही हां, ते वेगळं, त्या चंद्रकोरीने आमच्याकडे जे रामायण घडवलं ते पुढे सांगतेच.

सुरुवात झाली बाबांमुळे. बाबा एसटीत कंट्रोलर होते, रिटायर होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, आणि माणूस असा की राँग नंबर आला तरी ‘आपण कोण, गाव कुठलं’ विचारल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. मागच्या वर्षी इथे नाशकात एका गृहप्रदर्शनात गेले आणि लकी ड्रॉचं कुपन भरून आले. नाव, नंबर, पत्ता, पेन्शनर असल्याची खूण, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. ड्रॉमध्ये कुकर काही लागला नाही, फोन मात्र लागायला लागले ते आजतागायत. इगतपुरीजवळ एनए प्लॉट, समृद्धीपासून दहा मिनिटं. लाइफटाइम फ्री क्रेडिट कार्ड. पर्सनल लोन, शहात्तर वर्षांच्या माणसाला. ‘सर साइट व्हिजिटला गाडी पाठवते, जेवण आमच्याकडून.’ एका दिवशी मी मोजले, दुपारच्या जेवणाआधी अकरा कॉल.

आणि बाबा प्रत्येकाला काय म्हणायचे, तर ‘बरं, बघू नंतर.’

आता तुम्हीच सांगा, आपल्यात ‘बघू’चा अर्थ काय? नाही. स्थळ बघून आलेली माणसं ‘बघून कळवतो’ म्हणाली की मुलीकडचे दुसऱ्या दिवशी दुसरीकडे पत्रिका पाठवतात, तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून तो शब्द आहे. पण हे त्या डायलरला कोण सांगणार! माझा मावसभाऊ मालाडला कॉल सेंटरला चार वर्षं होता, तो दिवाळीत आला होता तेव्हा बाबांचं एक संभाषण ऐकून हसत सुटला. म्हणाला, ताई, काका ‘बघू नंतर’ म्हणाले ना, समोरच्या मुलीने लगेच सीबी टाकलं असणार. सीबी म्हणजे कॉल बॅक. कॉल संपला की एजंटला स्क्रीनवर काहीतरी एक निवडावंच लागतं, उचललाच नाही तर आरएनआर, नको म्हणाला तर एनआय म्हणजे नॉट इंटरेस्टेड, नंतर म्हणाला तर सीबी, आणि सीबी टाकलं की सिस्टीम ठरलेल्या वेळी तो नंबर परत समोर आणते. म्हणजे बाबा ज्याला सभ्य नकार समजत होते ते तिकडे रीतसर अपॉइंटमेंट म्हणून लागत होतं. रोज. अकरा-अकरा.

मग आम्ही विचारलं की काय बोलायचं, तर म्हणे एनआय पडलं तरी डेटा मरत नाही, महिन्याभराने नवीन कॅम्पेन आलं की तीच यादी पुन्हा लोड होते. त्यातल्या त्यात कामाचा कोड म्हणजे डीएनसी, डू नॉट कॉल, पण तो एजंट आपणहून टाकत नाही, कारण त्याचं टार्गेट असतं आणि प्रत्येक डीएनसी म्हणजे यादीतला एक नंबर कमी. तुम्ही ‘माझा नंबर डीएनडीला रजिस्टर आहे, तुम्हाला कुठून मिळाला, मी कम्प्लेंट टाकतोय’ एवढं बोललात तर टाकतो. म्हणजे नकार द्यायचा तर त्यांच्या भाषेत द्यावा लागतो, आणि ती भाषा इंग्रजी आहे.

यावर मी बराच विचार केला (कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत). मी स्वतः मराठीत एवढी भांडकुदळ, भाजीवाल्याला नको म्हणताना मागेपुढे बघत नाही, पण असले फोन आले की तोंडातून आपोआप ‘नॉट इंटरेस्टेड’ निघतं. मराठीत काय म्हणणार? ‘मला बोलायचं नाही’ म्हटलं तर ते रुसणं झालं, समोरच्याने आता मनवणी करावी अशी त्यात अपेक्षा असते, आणि त्या मुली मनवायला तयारच बसलेल्या असतात. ‘अबोला’ इतका छान शब्द आहे आपल्याकडे, पण अबोला धरायला आधी नातं लागतं, जावेशी धरता येतो, नवऱ्याशी धरता येतो, लोनवाल्याशी कसा धरणार? अनोळखी माणसाला न रागावता, न दुखावता, दार लावून घ्यायचं वाक्य आपल्याकडे घडलंच नाही, कारण अनोळखी माणूस आला की आधी पाणी विचारायची सवय. म्हणून मग ‘नॉट इंटरेस्टेड’, ‘आय ॲम इन अ मीटिंग’. बाबांना मी हेच शिकवायला गेले तर ते म्हणाले, मी रिटायर माणूस, कसली मीटिंग, खोटं कशाला बोलू. झालं.

म्हणून १९०९. करायचं काय ते सांगते, फार सोपं आहे. ज्या सिमसाठी हवंय त्याच सिमवरून इंग्रजीत स्टार्ट लिहायचं, एक जागा सोडून शून्य, आणि १९०९ ला पाठवायचं. म्हणजे सगळं बंद. किंवा १९०९ ला फोन लावायचा, टोल फ्री आहे. सगळं नको असेल तर विषयवार पण करता येतं, बँक-विमा-क्रेडिट कार्ड हा एक नंबरचा गट, रिअल इस्टेट दोन, मग शिक्षण, आरोग्य वगैरे, आणि कुठल्या वेळेला चालेल, कुठल्या वारी चालेल हे सुद्धा ठरवता येतं. मी बाबांना विचारलं की काही चालू ठेवायचंय का, तर म्हणाले पर्यटनाचं राहू दे. का, तर काशीयात्रेच्या ऑफर येतात. बरं म्हटलं आणि शून्यच पाठवलं.

रजिस्टर झाल्याचा मेसेज आला, पुढे आठवडाभर वाट बघायची. लोकांची एक भीती असते की ओटीपी बंद होईल, बँकेचे मेसेज येणार नाहीत, गॅस सिलेंडरचं कळणार नाही. तसं काही होत नाही. डीएनडी फक्त जाहिरातबाजी अडवतं. ओटीपी खरोखर अडकले होते ते २०२१ च्या मार्चमध्ये, आठवत असेल, एक-दोन दिवस बऱ्याच जणांना येतच नव्हते, त्याचं कारण वेगळं होतं, कंपन्यांनी आपल्या मेसेजचे मजकूर आधी नोंदवायचे होते ते नोंदवले नव्हते आणि छाननी सुरू झाल्या झाल्या सगळं गाळणीत अडकलं. ट्रायला मग ती छाननी आठवडाभर थांबवावी लागली.

ट्राय म्हणजे ज्यांच्या नियमावर हे चालतं ते, टेलिकॉम नियामक प्राधिकरण. डीएनडी घेतलेल्या नंबरांची ही यादी पहिल्यांदा २००७ ला आली तेव्हा सरळ ‘डू नॉट कॉल’ नाव होतं, मग २०११ ला त्याचं ‘कस्टमर प्रेफरन्स रजिस्टर’ केलं. म्हणजे बघा, सरकारी कागदावर गेल्यावर ‘फोन करू नका’चं सुद्धा ‘ग्राहकाची पसंती’ झालं, हे तर आपल्या ‘बघू’चंच भावंड. तेव्हा जे कॉलेजात होते त्यांना २०११ दुसऱ्याच कारणाने आठवेल, त्याच सपाट्यात एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा आली होती, पुढे २०० केली, आणि आमच्या हॉस्टेलवर प्रेमप्रकरणांची वाताहत झाली होती. टेलिमार्केटिंगसाठी १४० ने सुरू होणारे नंबर पण तेव्हाचेच.

आता रिझल्ट. १४० वाले कॉल बाबांच्या फोनवर पंधरा दिवसांत जवळजवळ संपले, खरंच. जाहिरातीचे मेसेज पण गेले. यात मी पूर्ण मार्क देते, कारण जो धंदेवाला रीतसर नोंदणी करून फोन करतो त्याला यादी बघूनच फोन करावा लागतो. अडचण त्यांची जे नोंदणीच करत नाहीत. ते साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून फोन करतात, दर वेळी वेगळं सिम, आणि त्यांच्या वहीत तुमचं नाव डीएनडीत आहे की नाही हे बघायचा कॉलमच नसतो. आमचे प्लॉटवाले यातलेच. अकराचे तीन-चारवर आले रोजचे, तेवढे राहिलेच.

शिवाय एक भानगड जी मला माहीत नव्हती, तुम्ही स्वतः परवानगी दिलेली असेल तर डीएनडी तिथे चालत नाही. ॲप टाकताना टिक करतो, बिल करताना नंबर देतो, मॉलमध्ये कुपन भरतो, त्यात खाली बारीक अक्षरात संमती असू शकते. बाबांचं कुपन आठवा, मोत्यासारखं अक्षर. संमती मागे घेता येते, आणि २०२५ च्या नियमानुसार एकदा मागे घेतली की नव्वद दिवस त्यांनी परत मागायची नाही. आणि व्हॉट्सॲपवर जे येतं त्याला हे लागूच नाही, तिथे ब्लॉक आणि रिपोर्ट, दुसरा इलाज नाही.

मधेच ती चंद्रकोर. मी बाबांचं डीएनडी केलं हे आईने बघितलं, तिलाही हवं झालं, मी ऑफिसात होते तर तिने शेजारच्या मुलाला सांगितलं माझ्याही फोनला डीएनडी लावून दे, त्याने वरून खाली ओढून ते बटण दाबून दिलं. दोन दिवस फोन एकदम शांत. आई खूश, सगळ्यांना सांगतेय काय छान सर्व्हिस आहे म्हणून. तिसऱ्या दिवशी मावशी स्वतः रिक्षा करून घरी, दारातूनच, ‘काय गं, अबोला धरलायस का माझ्याशी, सतरा फोन केले!’ आई म्हणे, अगं मी सरकारचं डीएनडी घेतलंय. मावशी म्हणे, सरकारला काय करायचंय आपण बहिणी बोलतो की नाही. आता यात कोणाची चूक म्हणायची, नाव एकच आणि वस्तू दोन. तर मंडळी, चंद्रकोर म्हणजे फोन मुका होतो, आवाज गेला, कॉल येतच राहतात, ते ऐकू येत नाहीत एवढंच. १९०९ ला पाठवलेलं रजिस्ट्रेशन सिमकंपनीकडे जातं, फोनचा आवाज जसाच्या तसा. घरात म्हातारी माणसं असतील तर हे आधी नीट समजावून सांगा.

आता खरा भाग, तक्रार. माझं मत विचाराल तर ही सर्व्हिस घ्यायची ती अडवण्यासाठी कमी आणि तक्रारीसाठी जास्त. आधी तक्रार तीन दिवसांत करावी लागायची, फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने सात दिवस केलेत. सिमकंपनीला अशा बिननोंदणीच्या नंबरवर कारवाईला तीस दिवस होते ते पाच केले. आणि आधी सात दिवसांत दहा तक्रारी झाल्या तर नंबरवर कारवाई सुरू व्हायची, आता दहा दिवसांत पाच पुरतात. पहिल्यांदा पकडला तर पंधरा दिवस आउटगोइंग बंद, परत पकडला तर वर्षभर सगळे नंबर बंद आणि काळी यादी. आणि तक्रार करायला तुमचं डीएनडी असलंच पाहिजे असंही आता नाही, बिननोंदणीवाल्याविरुद्ध कोणीही करू शकतं. तुमच्या सिमकंपनीच्या ॲपमध्ये सोय असते, ट्रायचं स्वतःचं डीएनडी ॲप आहे, नाहीतर १९०९ ला मेसेज, त्यात कोणाचा नंबर, कुठल्या तारखेला, काय म्हणत होता थोडक्यात. बास. (आयफोनवाल्यांना हे ॲप मिळायला २०१८ संपत आलं होतं, ॲपल म्हणत होतं आम्ही कॉल-मेसेज वाचायची परवानगी देणार नाही आणि ट्राय म्हणत होतं मग तुमचे फोन नेटवर्कवरून काढायला लावू, फार ताणलं होतं दोघांनी.)

हे मी बाबांना सांगितलं आणि पस्तावले. कारण माणूस कंट्रोलर. आयुष्यभर कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, उशीर का, याच्या नोंदी केल्या, आणि पंधरा वर्षं हाताला काम नाही. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली, आखली. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, नंबर, मुलगा की मुलगी, विषय, तक्रार क्रमांक, शेरा. प्लॉटवाल्यांचा फोन आला की आधी ‘बघू’ म्हणायचे ते बाबा आता म्हणतात, ‘थांबा हं, चष्मा घेतो. हां, नाव सांगा. कंपनी कुठली? ऑफिस कुठे? जरा हळू, लिहून घेतोय.’ निम्मे तिथेच फोन ठेवतात. एका पोराने विचारलं काका लिहून कशाला घेताय, तर बाबा म्हणाले, शेरा भरायचाय.

पण नियम पाच तक्रारींचा, आणि त्या पाच वेगवेगळ्या माणसांच्या लागतात. एकट्याने पाच वेळा तक्रार टाकून उपयोग नाही. मग हे प्रकरण जॉगिंग ट्रॅकवर गेलं. तिथे सकाळी यांचा ग्रुप बसतो, दोघं एसटीतले, एक पोस्टातले, एक शाळामास्तर, एक काका वीज मंडळातले. त्या गृहप्रदर्शनात यातले चौघं गेले होते आणि चौघांनी कुपन भरलं होतं, हे तेव्हा उघड झालं! चौघांनाही त्याच नंबरवरून इगतपुरी. पाचवा माणूस मिळेना तर माझ्या नवऱ्याला आला तसा फोन एकदाचा, बाबांना इतका आनंद झाला की जावयाला म्हणाले, आलात कामाला. पाचही तक्रारी एका आठवड्यात गेल्या, प्रत्येकाला तक्रार क्रमांक आला, आणि तो नंबर गप्प झाला. बाबांनी खात्री करायला स्वतः त्या नंबरवर फोन लावून बघितला, मी डोक्याला हात लावला.

तीन आठवडे शांत गेले. मग तीच मुलगी, तोच आवाज, नवीन नंबर, ‘सर इगतपुरीजवळ’. बाबा म्हणाले, अगं तुझा मागचा नंबर कुठे गेला? तिने कट केला. वहीत नवीन अनुक्रमांक.

म्हणजे आजार मुळापासून जात नाही, हे आधीच समजून घ्या. दोन-तीन गोष्टी आणखी ज्या आम्हाला वापरता वापरता कळल्या. मेसेज आला की पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी डॅश देऊन एक अक्षर असतं ते बघा, हे २०२५ पासून आलंय, पी असेल तर प्रमोशन म्हणजे जाहिरात, एस सर्व्हिस, टी ट्रान्झॅक्शन, जी गव्हर्न्मेंट. डीएनडी असून पी आला तर बिनधास्त तक्रार टाका. १६०० ने सुरू होणारा कॉल आला तर मात्र घाईने कापू नका, ती मालिका बँका, विमा, सरकारी खाती यांच्या कामाच्या कॉलसाठी ठेवलीय. आणि कोणी फसवायला बघतंय, केवायसी बंद होईल, पार्सल अडकलंय, पोलीस बोलतोय असला कॉल असेल तर तो १९०९ चा विषयच नाही, त्यासाठी संचार साथीच्या साइटवर चक्षू म्हणून सोय आहे, २०२४ मध्ये आलेली, आणि पैसे गेलेच असतील तर थेट १९३०. हे बाबांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहिलंय.

सिमकंपनीच्या ॲपबद्दल तेवढं बोलते, नाव घेत नाही. तक्रारीची सोय ठळक जागी ठेवा असा नियम आहे, आमच्या ॲपमध्ये ती मला सापडली रिचार्जच्या सहा जाहिराती ओलांडून. मराठी निवडलं तरी ते पान इंग्रजीतच उघडतं. बाबांनी एकदा तक्रारीचं वर्णन देवनागरीत लिहिलं, ‘सदर इसम प्लॉट घ्या म्हणून वारंवार त्रास देत आहे’, तर ॲप म्हणे अवैध अक्षरं. तेव्हापासून ते १९०९ ला एसएमएसच करतात, ‘प्लॉट’ हा शब्द इंग्रजीत लिहायला शिकलेत.

मार्क द्यायचे तर रजिस्ट्रेशनला पाच पैकी पाच, दोन मिनिटांत होतं आणि पैसे नाहीत. १४० आणि मेसेज अडवायला साडेचार. दहा आकडीवाल्यांना अडवायला दोन, तेही तक्रारी करणार असाल तर, नुसतं रजिस्टर करून बसणार असाल तर एक. ज्यांना रोज दोन-तीनच कॉल येतात आणि तक्रारीचा कंटाळा आहे त्यांनी नॉट इंटरेस्टेड म्हणून ठेवून द्यावा फोन, फक्त कृपा करून ‘बघू’ म्हणू नका.

बाबांना विचारलं तुमचे किती लिहू, तर त्यांनी पाच पैकी पाच सांगितले. म्हटलं, अहो बाबा, फोन तर अजून येतायत. तर म्हणाले, येतायत ना, पण पोच किती वेळेवर मिळते बघ, आणि वही उघडून तक्रार क्रमांकाचा रकाना दाखवायला लागले.